संगणक-जाळ्यावरील देखरेखीची साधने आणि एआय एजंट : लेखी माहिती कशी असावी?

प्रस्तावना :

भारतात संगणक-जाळ्यांची सुरुवात शिक्षण व संशोधन संस्थांतून झाली. केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने 'अर्नेट' हा प्रकल्प सुरू केला. त्यात सहभागी झालेल्या आठ संस्थांपैकी आयआयटी आणि एनसीएसटी या दोन संस्था मुंबईतील होत्या. त्या काळी जाळे सांभाळणारे तज्ज्ञ मोजकेच होते. आज लहान गावातील महाविद्यालयातही स्विच, राउटर आणि वाय-फाय असते. ते सांभाळण्याचे काम मात्र बहुधा संगणकाच्या शिक्षकाकडेच येते, तेही आपले तास सांभाळून. कोणता स्विच कोणत्या खोलीत, कोणते पोर्ट मुद्दाम बंद ठेवले आहे, हे सारे त्याच्या डोक्यात असते आणि त्याची बदली झाली की ते त्याच्याबरोबर निघून जाते.

अलीकडे हे काम एआय एजंटकडे सोपविण्याचा विचार होऊ लागला आहे. परंतु एजंटला साधनाबद्दल जे लिहून दिले असेल त्यावरच तो मुख्यतः विसंबतो. म्हणून ही लेखी माहिती कशी असावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

देखरेख कशी चालते?

जाळ्यावरील उपकरणांची विचारपूस करण्याची सर्वात रूढ पद्धत म्हणजे एसएनएमपी. तिचा पहिला आराखडा १९८८ साली प्रसिद्ध झाला. देखरेख करणारा संगणक प्रश्न विचारतो आणि उपकरणातील एक छोटा प्रोग्राम उत्तर देतो. या प्रोग्रामलाही 'एजंट' असेच म्हणतात. येथेच पहिला घोटाळा होऊ शकतो. उपकरणातील एजंट फक्त विचारलेले सांगतो, तर एआय एजंट उत्तर वाचून पुढे काय करायचे ते ठरवितो. कागदपत्रांत हे दोन्ही शब्द वेगळे ठेवावेत.

आकडा आणि त्याचा अर्थ :

उपकरणाकडून येतो तो केवळ आकडा. समजा, किलवणी येथील एखाद्या महाविद्यालयातील स्विचने 'किती वेळ चालू आहे' या प्रश्नाला ८६,४०,००० असे उत्तर दिले. हे सेकंद समजल्यास १०० दिवस होतात. प्रत्यक्षात एसएनएमपीमध्ये हा काळ सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतात. म्हणजे स्विच फक्त २४ तासांपूर्वी सुरू झाला आहे. काल वीज गेली होती की स्विच बिघडत चालला आहे, हा प्रश्न विचारण्याऐवजी एजंट 'सर्व ठीक' असा अहवाल देईल.

दुसरे उदाहरण वाहतुकीच्या मोजणीचे. जुना मोजक ३२ बिटांचा असतो. तो ४,२९,४९,६७,२९५ बाइटपर्यंत मोजतो आणि पुन्हा शून्यावर येतो. १०० मेगाबिटच्या पूर्ण भरलेल्या जोडणीवर यास सुमारे ५.७ मिनिटे लागतात. १ गिगाबिटच्या जोडणीवर केवळ ३४ सेकंद. दर पाच मिनिटांनी वाचन घेतल्यास दुसऱ्या प्रसंगी मोजक मध्ये किती वेळा फिरला हे कळणारच नाही. तेथे ६४ बिटांचा मोजक वापरावा, हे साधनाच्या वर्णनातच लिहिलेले हवे.

तिसरे उदाहरण पोर्टच्या स्थितीचे. पोर्टच्या दोन नोंदी असतात : आपण ठरविलेली स्थिती आणि प्रत्यक्ष स्थिती. दोन्हींत १ म्हणजे चालू व २ म्हणजे बंद. ठरविलेली १ आणि प्रत्यक्ष २ असेल तर बिघाडाची शंका घ्यावी किंवा पलीकडचा संगणक बंद आहे का ते पाहावे. दोन्ही २ असतील तर पोर्ट कोणीतरी मुद्दाम बंद केले आहे. एकच नोंद वाचणाऱ्या एजंटला हा फरक कळणार नाही.

नोंदीत काय असावे?

एआय एजंटला साधने जोडण्यासाठी 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' ही पद्धत २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये अँथ्रॉपिकने जाहीर केली. तीत प्रत्येक साधनाचे नाव, वर्णन आणि त्याला द्यावयाच्या माहितीचा साचा देता येतो. वर्णनात साधन केव्हा वापरावे इतकेच नव्हे, तर केव्हा वापरू नये हेही असावे. एकक लिहावे. उत्तर न आल्यास त्याचा अर्थ सांगावा. एसएनएमपीच्या जुन्या आवृत्त्यांत सांकेतिक शब्द चुकला तरी उपकरण गप्पच राहते. म्हणून 'उत्तर नाही' म्हणजे 'उपकरण बंद' असे मानू नये.

उपकरणाचे नाव किंवा पोर्टचे वर्णन हा माणसाने लिहिलेला मजकूर असतो. त्यात कोणी आज्ञेसारखे वाक्य लिहिले तरी ती माहितीच समजावी, आज्ञा नव्हे, हेही स्पष्ट करावे.

पाहणे आणि बदलणे :

सर्वात महत्त्वाचे म्हणजे पाहणारी साधने आणि बदल करणारी साधने वेगळी ठेवणे. सिल्वासात बसून किलवणीच्या स्विचचे मुख्य पोर्ट बंद केले, तर ते तेथूनच पुन्हा चालू करण्याचा मार्गही त्याच क्षणी बंद होतो. मग कोणीतरी प्रत्यक्ष जावे लागते. आणि त्या दिवशी ऑनलाइन परीक्षा असेल तर विद्यार्थ्यांचे होणारे नुकसान भरून निघत नाही. म्हणून बदलापूर्वी माणसाची संमती आवश्यक, असे केवळ लिहून भागणार नाही. एजंटला दिलेला सांकेतिक शब्दच फक्त वाचनाचा असावा. वर्णन ही सूचना आहे, कुलूप नव्हे.

समारोप :

हे काम विद्यार्थ्यांकडून प्रात्यक्षिक म्हणून करून घेता येईल. एका गटाने एका साधनाची नोंद लिहावी आणि दुसऱ्या गटाने केवळ ती वाचून स्विचची स्थिती सांगावी. जेथे दुसरा गट अडखळेल, तेथे एजंटही चुकण्याची शक्यता आहे असे समजावे. अशी वही तयार झाली तर एजंट आला नाही तरी ती वाया जाणार नाही. बदलून येणाऱ्या नव्या शिक्षकाला ती पहिल्याच दिवशी उपयोगी पडेल.