पत्र्याचा रंग का उडतो?

मंडळी, गणपतीच्या आरतीला शेडच्या भिंतीला टेकून उभे राहिलेल्यांच्या कुडत्यांना पांढरी भुकटी लागली, हे आपण विसरला नसालच. मंडळाचे सामान ठेवण्याच्या त्या पत्र्याच्या शेडचा रंग स्वस्त पाहून आम्हीच निवडला होता, रसायनशास्त्रातली डॉक्टरेट असूनही! तेव्हा खुलासा करणे आम्हालाच भाग आहे.

रंग म्हणजे रंगद्रव्याची पूड आणि तिला धरून ठेवणारे पॉलिमर. आपल्या दक्षिण फ्लोरिडातले ऊन आणि दमट हवा हे पॉलिमर खाते. पूड मोकळी होते आणि भिंतीच्या चुन्यासारखी अंगाला लागते. उन्हातले ३०० नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील किरण मोलमागे सुमारे ४०० किलोज्यूल ऊर्जा आणतात. कार्बन-कार्बन बंध तुटायला साधारण ३५० पुरतात. कार्बन-फ्लोरिन बंधाला ४८० च्या आसपास लागतात. म्हणूनच इमारतींच्या पत्र्यांवर १९६० च्या दशकापासून पीव्हीडीएफ हे फ्लोरिनयुक्त पॉलिमर वापरतात.

मग नुसते पीव्हीडीएफच का नाही? कारण ते नॉनस्टिक तव्याच्या लेपाचे भावंड. पत्र्याला नीट चिकटत नाही. म्हणून ७० भाग पीव्हीडीएफमध्ये ३० भाग अ‍ॅक्रिलिक घालतात.

खरी गोम मिसळण्यात आहे. शेंगदाण्याची चिक्की डोळ्यांपुढे आणा. पीव्हीडीएफचे सूक्ष्म स्फटिक म्हणजे दाणे. मधला गूळ म्हणजे अ‍ॅक्रिलिक आणि उरलेले पीव्हीडीएफ यांचे मिश्रण. ऊन आधी अ‍ॅक्रिलिकला खाते. मिश्रण एकजीव असेल तर झीज सावकाश होते. अ‍ॅक्रिलिक गोळे होऊन वेगळे पडले असेल तर तिथे खड्डे पडतात आणि चमक जाते. म्हणून हा रंग कारखान्यात २३० अंश सेल्सिअसच्या वर भाजतात. त्या उष्णतेत दोन्ही वितळून एकरूप होतात. ब्रश घेऊन आपल्याला ते जमणारे नाही.

अ‍ॅल्युमिनियमवरच्या रंगांसाठीच्या ए.ए.एम.ए. २६०५ या मानकात रंगवलेले तुकडे १० वर्षे दक्षिण फ्लोरिडाच्या उन्हात ठेवावे लागतात. म्हणजे आपले अंगणच प्रयोगशाळा! तेव्हा घरासाठी पत्रा घेताना दोन प्रश्न विचारा: रेझिनमध्ये पीव्हीडीएफ ७० टक्के आहे का? आणि १० वर्षांच्या कसोटीला रंग उतरला आहे का?

शेडचे नवे पत्रे महाग पडतील, हे कबूल. पण पुढच्या सभेत हात वर करण्यापूर्वी आपापला कुडता एकदा आठवावा, ही विनंती.