राख, रोपं आणि रविवार

टेक्सासमधल्या बॅस्ट्रॉपचं पाइनचं जंगल २०११मध्ये वणव्यात खाक झालं. ते पुन्हा उभं करायला शाळा-कॉलेजची पोरं-पोरी सुट्टीच्या दिवशी राखेत उतरली. त्यांच्या रोपांची ही गोष्ट. आणि रोप लावून झाल्यावर पुढे काय करायचं, त्याचीही.

जुलै उजाडला की ऑफिसच्या इनबॉक्समध्ये एक मेल हमखास येऊन पडतो. ‘शनिवारी सकाळी सातला बस निघेल. टी-शर्ट मिळेल. नाश्त्याची सोय आहे.’ टेकडीवर पोहोचायचं, आधीच खणून ठेवलेल्या खड्ड्यात रोप ठेवायचं, वर मूठभर माती, ग्रुप फोटो, गरमागरम वडापाव आणि बॅक टू होम! पर्यावरणासाठी काहीतरी केल्याचं समाधान पुढचे दोन दिवस तरी टिकतं.

पुढच्या मार्चमध्ये त्याच टेकडीवर वणवा लागतो. तेव्हा आपल्या रोपाचं काय झालं, हे सांगणारा मेल मात्र कधीच येत नाही.

वणवा, झाडं आणि वीकेंडला येणारे हौशी हात यांचं गणित नेमकं कसं जुळतं, हे बघायचं असेल तर थोडं लांब जावं लागेल. थेट टेक्सासला.

जंगल पेटलं तो रविवार

ऑस्टिन म्हणजे अमेरिकेतल्या आयटीवाल्यांचं लाडकं शहर. हिंजवडीतून तिकडे गेलेला एखादा मित्र तुमच्याही ओळखीचा असेलच. तिथून साधारण पन्नास किलोमीटरवर बॅस्ट्रॉप आहे. पुणेकरांना लोणावळा, तसं ऑस्टिनकरांना बॅस्ट्रॉप. पाइनची उंच झाडं, खाली वाळूची जमीन आणि मध्ये एक देखणं स्टेट पार्क. हे पार्क १९३०च्या दशकात मंदीत बेकार झालेल्या तरुणांनी बांधलं. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सुरू केलेल्या ‘सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर’मधली ही पोरं. त्यांनी दगड आणि लाकडात उभारलेली केबिन्स आजही वापरात आहेत.

२०११ हे टेक्सासचं भयंकर दुष्काळाचं वर्ष. गवत, पानं, फांद्या, सगळं कसं चुरचुरीत वाळलेलं. त्यात ४ सप्टेंबरच्या रविवारी, लेबर डेच्या लाँग वीकेंडला, ‘ली’ नावाच्या वादळामुळे जोराचे वारे सुटले. झाडं विजेच्या तारांवर आदळली, ठिणग्या उडाल्या आणि वेगवेगळ्या ठिकाणी लागलेल्या आगी एकमेकींत मिसळल्या. साधारण ३४ हजार एकर जळालं. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापेक्षाही मोठा पट्टा! १६००हून जास्त घरं गेली, दोन माणसं दगावली. स्टेट पार्कचा ९६ टक्के भाग आगीच्या तडाख्यात सापडला. अग्निशमन दलाच्या जवानांनी जिवाची बाजी लावली म्हणून ती जुनी केबिन्स वाचली.

घरांचा विमा होता, त्यातल्या अनेकांनी घरं पुन्हा बांधली. पण खिडकीतून बाहेर बघितलं तर काय? काळे खांब. नुसते काळे खांब. ज्या झाडांसाठी लोक या गावात राहायला आले होते, तीच नव्हती. घर मिळालं, गाव मात्र हरवलेलंच होतं.

आपोआप का नाही उगवलं?

जंगल आपलं आपण परत येतं, असं आपण ऐकलेलं असतं. ते बऱ्याचदा खरंही असतं. पण बॅस्ट्रॉपचा मामला जरा वेगळा आहे.

इथले पाइन ‘लॉबलॉली’ जातीचे. पूर्व टेक्सासच्या मोठ्या पाइनपट्ट्यापासून ते सुमारे १६० किलोमीटर दूर, एकटेच पडलेत. म्हणून या जंगलाचं नावच ‘लॉस्ट पाइन्स’, हरवलेले पाइन. काही जातींच्या पाइनची बोंडं आगीच्या उष्णतेनं उघडतात आणि बी बाहेर पडतं. लॉबलॉलीचं तसं नाही. त्याचं बी शरद ऋतूत पिकून पडतं आणि आग लागली सप्टेंबरच्या सुरुवातीलाच. जिथे आग सर्वात तीव्र होती, तिथे मोठी झाडंही गेली आणि बीही गेलं. ओकला बुंध्यापासून पुन्हा फुटवे आले, यॉपॉन नावाचं दाट झुडूप फोफावलं. पाइन लावले नसते, तर बऱ्याच भागात पुन्हा पाइन दिसायला कैक पिढ्या लागल्या असत्या.

आणि शेजारचं जंगल परकं, म्हणून कुठलाही पाइन आणून लावला तर चालत नाही. लॉस्ट पाइन्सची झाडं कमी पावसाला सरावलेली. ओलसर प्रदेशातलं रोप इथे आणलं तर पहिल्याच कोरड्या उन्हाळ्यात त्याचं जगणं कठीण.

इथे नशिबानं साथ दिली. टेक्सास ए अँड एम फॉरेस्ट सर्व्हिसकडे याच दुष्काळ सोसणाऱ्या पाइनचं अर्ध्या टनाहून जास्त बी शीतगृहात पडून होतं. ते टाकून द्यायचं घाटत होतं! वणव्यानंतर तेच बी सोन्याच्या मोलाचं ठरलं. त्यापासून रोपवाटिकांमध्ये रोपं तयार झाली. आर्बर डे फाउंडेशन आणि टेक्सासचा पार्क विभाग सोबत आले आणि सरकारी व खासगी जमिनीवर मिळून पाच वर्षांत चाळीस लाखांहून जास्त झाडं लावायचं लक्ष्य ठरलं. ऑस्टिनच्या ‘ट्रीफोक्स’ या संस्थेनं घरमालकांच्या जमिनीवर मोफत रोपं लावून द्यायचं काम हाती घेतलं.

हात राखेत

इथे एंट्री होते तरुणाईची. शाळा-कॉलेजचे विद्यार्थी, स्काउट्स, ऑफिसचे ग्रुप असे स्वयंसेवक येऊ लागले. लागवडीचा मोसम थंडीतला, डिसेंबर ते फेब्रुवारी. आपल्याकडे पावसाळा, तिकडे हिवाळा. कारण त्या दिवसांत रोप झोपलेलं असतं आणि उन्हाळ्याआधी मूळ धरायला त्याला वेळ मिळतो.

रोप केवढं? जेमतेम वीतभर-दीड वीत. त्याला पिशवी नाही, माती नाही, मुळं उघडीच. काम दिसायला एकदम सोपं. पहारीसारखं, चपट्या पात्याचं अवजार जमिनीत घुसवायचं, फट पाडायची, मूळ सोडायचं, फट दाबून बंद करायची, टाचेनं माती घट्ट करायची. झालं, एक मिनिट!

पण त्या एका मिनिटात चुकायला भरपूर वाव आहे. मुळं उन्हावाऱ्यात थोडा वेळ जास्त राहिली, की वाळतात. मूळ खाली सरळ न जाता वर वळलं, तर झाड पुढे कमजोर राहतं. मातीत हवेची पोकळी राहिली, तर मूळ सुकतं. आणि नंतर पाणी घालायला कोणी येणार नाही. लाखो रोपांना टँकर कुठून आणायचा? म्हणजे तुमचं ते एक मिनिट नीट झालं तरच पुढचं झाड.

आता खरी गोम. यातली बहुतेक रोपं विद्यार्थ्यांनी लावलीच नाहीत. ती पगारी, सराईत टोळ्यांनी लावली. असा कामगार दिवसाला हजारावर रोपं लावतो. हौशी ग्रुप अख्ख्या सकाळी जेवढं करतो, तेवढं तो चहाच्या आधी संपवतो.

मग या पोरांचा उपयोग काय?

उपयोग आहे, आणि तो आकड्यात मोजता येत नाही. सर्वस्व गमावलेल्या माणसाच्या अंगणात चार अनोळखी पोरं येतात, गुडघ्यावर बसून रोप लावतात, हीच गोष्ट त्याला ‘तू एकटा नाहीस’ असं सांगते. दुसरं म्हणजे, काही तरुण एका दिवसावर थांबले नाहीत. ऑस्टिनच्या ‘अमेरिकन यूथवर्क्स’ संस्थेच्या टेक्सास कॉन्झर्वेशन कोअरमधली मुलं-मुली महिनोन् महिने इथे राबली. उतारावरची माती वाहून जाऊ नये म्हणून बंदोबस्त करणं, पायवाटा दुरुस्त करणं, जुन्या बांधकामांची डागडुजी. फोटोत चांगलं दिसेल असं यातलं काहीच नाही. अशा सेवेच्या बदल्यात पुढच्या शिक्षणासाठी पैसे मिळतात आणि हातात एक कौशल्यही येतं. १९३०च्या दशकातल्या त्या बेकार पोरांची ही नवी पिढीच म्हणायची!

लावून झालं, पुढे काय?

बॅस्ट्रॉपनं यानंतरही बरंच सोसलं. मे २०१५मध्ये मुसळधार पावसात पार्कमधल्या तळ्याचा बांध फुटला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘हिडन पाइन्स’ वणव्यात साडेचार हजारांहून जास्त एकर जळालं, ६४ इमारती गेल्या. जानेवारी २०२२मध्ये तर पार्क विभागानं स्वतःच लावलेली, आटोक्यात ठेवायची आग हाताबाहेर गेली. सुमारे अडीचशे घरांतल्या लोकांना बाहेर पडावं लागलं. नशिबानं घरं वाचली.

स्वतःच आग लावायची? वेडेपणा वाटतो ना? पण पाइनच्या जंगलात खालचं झुडूप वाढत राहिलं, की पुढची आग शिडी चढल्यासारखी शेंड्यापर्यंत जाते. म्हणून योग्य हवामान बघून, थोडं थोडं जाळून ते साफ करावं लागतं. ते जोखमीचं आहे आणि न करणं त्याहून जोखमीचं. नुसती झाडं लावून निघून जाणं म्हणजे पुढच्या वणव्यासाठी सरपण रचून ठेवणं.

आज पहिल्या वर्षांतल्या रोपांची माणसाच्या डोक्यावर गेलेली झाडं झालीत. जुनं जंगल परत यायला अजून काही दशकं लागतील. वाळूत राहणारा, नामशेष होण्याच्या वाटेवरचा ‘ह्यूस्टन टोड’ नावाचा बेडूकही त्याच सावलीच्या भरवशावर आहे.

आपल्या टेकडीवर

आपल्याकडे पाइन नाहीत, पण वणवे आहेत. फेब्रुवारी ते मेमध्ये सह्याद्रीतली वाळलेली गवतं पेटतात. बहुतेक वेळा माणसाच्याच हातून. कुणी सिगारेटचं थोटुक टाकतं, कुणी चांगलं गवत येईल म्हणून काडी लावतं. आणि जुलैत लावलेलं रोप या गवतातच उभं असतं.

त्याला वाचवणारी गोष्ट अगदी साधी आहे. हिवाळ्यात रोपाभोवतीचं गवत कापायचं आणि जाळरेषा काढायची, म्हणजे गवत साफ केलेला पट्टा, जिथे आगीला खायला काही उरत नाही. हे काम जानेवारीत होतं. बसही तीच, ग्रुपही तोच. फक्त या वेळी हातात रोपाऐवजी विळा आणि फोटोत हिरवळीऐवजी वाळकं गवत. लाइक्स कमी मिळतील, पण झाड राहील!

वीकेंडला झाडं लावायला जाताय? मग हे विचारा

• रोपं कुठल्या जातीची आहेत? याच परिसरातली की दिसायला छान म्हणून आणलेली?
• जागा जंगलाची आहे की मुळातच गवताळ माळाची? माळावर झाडं लादू नका.
• पहिली दोन-तीन वर्षं रोपांची देखभाल कोण करणार? नाव विचारा.
• जाळरेषा कधी काढणार? त्या दिवशी आम्ही आलो तर चालेल का?
• गेल्या वर्षीची रोपं कुठे आहेत? आधी ती दाखवा, मग नवीन लावू.