तापलेला राउटर आणि निक्षेपाचा कायदा

पूर्वी पेढीवरचा टेलिफोन बंद पडला तरी तराजू आणि चोपडा चालू राहत. आज ई-वे बिल, जीएसटीचे विवरणपत्र, बँकेचा व्यवहार, मुलांचे वर्ग आणि परगावी असलेल्या नातवाचे दर्शन हे सारे ब्रॉडबँड कंपनीने बसवून दिलेल्या एका लहानशा डबीतून येते. ही डबी, म्हणजे राउटर, अहोरात्र चालू असते. तिच्याकडे आपले लक्ष जाते ते ती तापून अडखळू लागल्यावरच.

राउटर कोमट लागणे हा दोष नव्हे. त्याचा अडॅप्टर बहुधा १२ व्होल्टचा आणि १ ते २ अँपिअरचा असतो. म्हणजे यंत्र फार तर १२ ते २४ वॅट वीज घेते आणि त्यातील जवळजवळ सर्व वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. आत पंखा नसतो. कवचावरील फटी हाच काय तो मार्ग. घरगुती राउटर साधारणतः ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या भोवतालासाठी बनविलेले असतात. जळगाव, अकोला, सोलापूर येथे उन्हाळ्यात बाहेरच पारा चाळिशी ओलांडतो. मग पत्र्याखालच्या माळ्यावर काय स्थिती असेल, याची कल्पना करावी. अति तापल्यावर यंत्र वेग कमी करते किंवा आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होते. आतील कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंश वाढीला साधारण निम्मे होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे.

आपल्या घरांत प्रत्येक वस्तूवर विणलेला रुमाल घालण्याची हौस मोठी. टीव्हीवर होता, फ्रिजवर होता, आता राउटरवर आला आहे. तो प्रथम काढावा. राउटर बंद कपाटात, सेट-टॉप बॉक्सवर किंवा इन्व्हर्टरशेजारी ठेवू नये. वीज गेल्यावर उपयोगी पडणारा छोटा यूपीएस काहीजण त्याच्या खालीच ठेवतात. तो स्वतःही तापतो. चहूबाजूंनी चार बोटे मोकळी जागा आणि शक्य तर उभी ठेवण, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. जागा बदलताना फायबरची बारीक तार मात्र काटकोनात मुडपू नये.

दोष उष्णतेचाच आहे, हे ठरविण्याची एक सोपी रीत आहे. अर्धा तास राउटर बंद ठेवावा, मग सुरू करून दुपारभर समोर टेबलपंखा लावावा. पंख्यात नीट चालला आणि पंखा काढताच अडखळला, तर संशयाला जागा उरत नाही. ‘एलओएस’ हा दिवा लाल झाला असेल, तर तो बहुधा बाहेरच्या फायबरचा दोष. त्यासाठी राउटरला बोल लावू नये. जळका वास आला, अडॅप्टर हातात धरवेना किंवा प्लॅस्टिक पिवळे पडून वाकले, तर प्रयोग न करता वीज तोडावी. खणात पडलेला दुसरा अडॅप्टर ‘बसतो’ म्हणून लावणे धोक्याचे. व्होल्ट तंतोतंत तेच हवे, अँपिअर तेवढेच किंवा अधिक.

पावसाळ्यात आणखी एक प्रश्न येतो, आणि तो आपल्या आचाराशी निगडित आहे. उबेला मुंग्या व झुरळे राउटरच्या फटींत शिरतात. कीटकनाशक फवारणे हिंसा तर आहेच, शिवाय चालू विद्युत यंत्रावर ज्वालाग्राही फवारा मारणे आगीला निमंत्रण आहे. यंत्र बंद करून निवू द्यावे. ऊब गेली की जीव बहुधा स्वतःच बाहेर पडतात. राहिलेले पूंजणीने किंवा मऊ कुंचल्याने जतनेने दूर करावेत. सीसीटीव्ही त्यावर चालत नसेल, तर रात्री राउटर बंद ठेवणे हा उत्तम नेम आहे.

आता कायद्याची बाजू, जी व्यापारी माणसाने विशेष जाणावी. कंपनीने वापरण्यास दिलेला राउटर आपल्या मालकीचा नसतो. १८७२च्या भारतीय करार कायद्याच्या भाषेत हा निक्षेप आहे. कलम १५१ प्रमाणे सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी आपण घ्यावयाची. म्हणून कवच उघडणे, त्याला भोके पाडणे वर्ज्य. पण कलम १५० सांगते की, वस्तू भाड्याने दिलेली असेल, तर तिच्यातील दोषामुळे होणाऱ्या हानीस देणारा जबाबदार असतो, मग तो दोष त्याला ठाऊक असो वा नसो. करारपत्रातील अटी अवश्य वाचाव्यात. परंतु तापणारे यंत्र बदलून मागताना उपकार मागत असल्याचा सूर नसावा.

तक्रार फोनवर केली तरी तिचा क्रमांक मागून घ्यावा. वहीत तारीख, वेळ, दिव्यांचा रंग आणि आलेल्या कर्मचाऱ्याने काय केले, हे टिपावे. ‘साहेब, रिस्टार्ट करा’ एवढेच उत्तर तिसऱ्यांदा मिळाले, तर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जावे. त्यासाठी शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दूरसंचार सेवेचा स्पष्ट उल्लेख असल्याने जिल्हा ग्राहक आयोगाचे दारही उघडे आहे.

जुना राउटर परत देताना त्यावरील अनुक्रमांक लिहिलेली पोच घ्यावी. अनामत दिली असेल, तर ती नव्या यंत्रापोटी पुढे चालू धरल्याचे त्याच कागदावर लिहून घ्यावे आणि तो कागद जोडणीच्या पहिल्या पावतीला टाचून ठेवावा.