हार्ड डिस्कची अदलाबदल करताय? आधी हे वाचा

अंबाजोगाई असो वा गेवराई, डीटीपी सेंटरमधल्या जुन्या संगणकांत वर्षानुवर्षांच्या लग्नपत्रिका, अर्ज, फोटो साठलेले असतात. अशा दोन संगणकांच्या हार्ड डिस्क बदलायच्या असतील, तर आधी दोन्हींचा बॅकअप तिसऱ्या डिस्कवर घ्या आणि फायली उघडून पाहा. बिटलॉकर सुरू असेल, तर रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. प्लग काढूनच डिस्क सोडवा, तिच्यावर खूण करा. आयडीई डिस्कला साटा केबल बसत नाही, हेही तपासा.

बदलानंतर विंडोज सुरू झाले नाही, तरी घाबरू नका. त्यातले ड्रायव्हर जुन्या मदरबोर्डचे असतात. फायली सहसा शाबूत राहतात. डिस्क दुसऱ्या चालू संगणकाला जादा डिस्क म्हणून जोडा आणि फायली उतरवून घ्या. पडद्यावर ‘फॉरमॅट करायचे का?’ असे आले, तर मात्र ‘हो’ म्हणू नका.