विश्लेषण : व्हॉट्सॲप अचानक का बंद पडते? इंटरनेटला रस्ता दाखवणारे ‘बीजीपी’ काय आहे?

नागझिऱ्याची सकाळची सफारी संपवून तुम्ही चोरखमारा गेटबाहेर येता. गोंदियाच्या दिशेने निघाल्यावर फोनला रेंज मिळते आणि रानगव्यांच्या कळपाचा व्हिडीओ तुम्ही इन्स्टाग्रामवर टाकता. काही सेकंदांत पुण्यातली बहीण तो लाइक करते. दरम्यान तो व्हिडीओ वेगवेगळ्या मालकांच्या जाळ्यांतून गेलेला असतो. पण त्याला रस्ता कोणी सांगितला? इंटरनेटचा एकच नकाशा असलेले मुख्य कार्यालय जगात कुठेही नाही. रस्ता ठरतो तो शेजाऱ्याने शेजाऱ्याला दिलेल्या निरोपावर. हे निरोप ज्या पद्धतीने दिले जातात, तिचे नाव बीजीपी.

बीजीपी म्हणजे काय?

इंटरनेट हे एकसंध जाळे नाही. मोबाइल आणि ब्रॉडबँड कंपन्या, विद्यापीठे, बँका, गूगल-मेटासारख्या कंपन्या अशी ७० हजारांहून अधिक स्वतंत्र जाळी एकमेकांना जोडलेली आहेत. प्रत्येक जाळ्याला एक क्रमांक असतो, त्याला एएस क्रमांक म्हणतात. बीएसएनएलचा ९८२९ आहे, तर जिओचा ५५८३६. ही जाळी एकमेकांशी ‘बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल’ म्हणजे बीजीपी या भाषेत बोलतात. १९८९ मध्ये सिस्कोचे कर्क लॉहीड आणि आयबीएमचे याकोव्ह रेख्टर यांनी जेवणाच्या टेबलावर पेपर नॅपकिनवर तिचा पहिला आराखडा काढला. आज वापरात असलेली चौथी आवृत्ती १९९४ पासूनची आहे.

शेजारी एकमेकांना काय सांगतात?

सफारीत समोरून दुसरी जिप्सी आली की गाइड विचारतो, ‘काही दिसलं का?’ उत्तर मिळते, ‘पाणवठ्यावर कॉल चालू आहे.’ ते ऐकून आपली गाडी वळते आणि पुढे भेटणाऱ्या जिप्सीलाही तोच निरोप दिला जातो. स्वतः कोणी खात्री केलेली नसते. विश्वास ठेवलेला असतो तो शेजाऱ्याच्या शब्दावर.

राउटरही असेच करतात. एक राउटर शेजाऱ्याला कळवतो, ‘हे आयपी पत्ते माझ्यामार्फत गाठता येतील आणि वाटेत ही-ही जाळी लागतील.’ याला अपडेट म्हणतात. रस्ता बंद झाला तर ‘आधी सांगितले होते ते आता धरू नका’ असा माघारीचा अपडेट जातो. एकदा सगळी यादी दिली की पुढे फक्त बदल कळवले जातात. मध्ये ठरावीक वेळाने ‘मी आहे’ एवढाच छोटा संदेश जातो. तो ठरलेल्या मुदतीत आला नाही, तर शेजारी गेला असे समजून त्याने सांगितलेले सगळे रस्ते रद्द होतात. अनेक राउटरवर ही मुदत मुळात ३ मिनिटांची असते.

राउटरवर हे कसे जुळवतात?

शेजारी आपोआप सापडत नाही. दोन्ही बाजूंच्या इंजिनीअरना समोरच्या राउटरचा आयपी पत्ता आणि एएस क्रमांक स्वतः भरावा लागतो. तो जुळला की बोलणे सुरू होते. हे काम काही ओळींचे आहे. खरे काम त्यानंतरचे : कोणाला काय सांगायचे आणि कोणाचे काय ऐकायचे.

समजा, गोंदियातला एक छोटा इंटरनेट पुरवठादार दोन मोठ्या कंपन्यांकडून जोडणी घेतो. त्याने दोघांनाही फक्त स्वतःचे पत्ते सांगायला हवेत. एका कंपनीकडून ऐकलेले रस्ते त्याने दुसरीला सांगितले, तर दोन मोठ्या कंपन्यांची वाहतूक त्याच्या बारीक वाहिनीतून जाऊ लागेल आणि सगळेच ठप्प होईल. म्हणून बाहेर जाणाऱ्या अपडेटवर एक गाळणी लावतात आणि आत येणाऱ्यांवर दुसरी. सोबत ‘या शेजाऱ्याकडून इतकेच रस्ते घ्यायचे, जास्त आले तर जोडणी तोडायची’ अशी मर्यादाही घालतात. गाळणी बदलल्यावर जोडणी तोडायची गरज नसते, शेजाऱ्याकडे यादी पुन्हा मागता येते. गाळणी लावायला विसरले तर? २०१७ च्या नियमानुसार अशा वेळी राउटरने बाहेरच्या शेजाऱ्याला काहीच सांगू नये आणि त्याचे काहीच घेऊ नये. पण सगळेच राउटर तसे वागत नाहीत.

चूक झाली तर काय होते?

१६ एप्रिल २०२१ च्या संध्याकाळी भारतातील व्होडाफोन आयडियाच्या ५५४१० क्रमांकाच्या जाळ्याने स्वतःचे नसलेले ३० हजारांहून अधिक रस्ते आपले म्हणून जाहीर केले. जगभरातल्या अनेक कंपन्यांची वाहतूक त्या दिशेने वळली आणि या जाळ्याकडे येणारी वाहतूक नेहमीच्या सुमारे १३ पट झाली. एका गाइडने चुकीचा पाणवठा सांगावा आणि जंगलातल्या सगळ्या जिप्सी तिथे जमाव्यात, तसे हे झाले.

चूक एकट्याची नसते, ती मानणाऱ्याचीही असते. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमला यूट्यूब फक्त आपल्या देशात बंद करायचे होते. पण त्यासाठी केलेली घोषणा देशाबाहेर गेली. वरच्या कंपनीने ती न गाळता पुढे दिली आणि सुमारे दोन तास यूट्यूब जगातल्या मोठ्या भागात दिसेनासे झाले.

व्हॉट्सॲप का गायब झाले होते?

४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र अनेकांना आठवत असेल. नऊ वाजून गेल्यावर फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही एकदम बंद पडले. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आदेशाने फेसबुकच्या डेटा सेंटरना जोडणारे अंतर्गत जाळे तुटले. चुकीचे आदेश रोखणाऱ्या प्रणालीतही दोष होता, त्यामुळे तो थांबला नाही. फेसबुकच्या नावांचा पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरना डेटा सेंटर दिसेनात, तेव्हा त्यांनी ठरल्याप्रमाणे आपले रस्ते बीजीपीतून मागे घेतले. कंपनी होती तिथेच होती, पण तिकडे जायचा रस्ता कोणालाच माहीत नव्हता. कर्मचाऱ्यांची अंतर्गत साधनेही बंद पडली आणि सेवा परत यायला सहा तासांहून अधिक काळ लागला.

यावर उपाय काय?

एक उपाय आरपीकेआय नावाचा आहे. हे पत्ते जाहीर करण्याचा अधिकार कोणत्या एएस क्रमांकाला आहे, याची ही डिजिटल सही असलेली नोंद. शेजाऱ्याचा निरोप या नोंदीशी जुळला नाही, तर राउटर तो नाकारू शकतो. पण ही नोंद मूळ मालक कोण एवढेच तपासते. वाटेतली जाळी खरी आहेत की नाही, हे ती सांगत नाही. म्हणून गाळण्या लागतातच.

आपण काय करायचे?

पुढच्या वेळी एखादे ॲप बंद पडले तर ते लगेच काढून पुन्हा टाकू नका. आधी दुसरी एखादी वेबसाइट उघडून बघा. बाकीचे इंटरनेट सुरू असेल, तर दोष बहुधा तुमच्या फोनमध्ये नाही. ‘सायबर हल्ला झाला’, ‘सरकारने नेट बंद केले’ असे मेसेज पुढे पाठवण्याआधी कंपनीच्या खुलाशाची वाट पाहा. न तपासता पुढे ढकललेल्या निरोपाने काय होते, हे राउटरच्या बाबतीत आपण पाहिलेच आहे.