सल्लागाराची साक्ष

नोकरी सोडून स्वतंत्र सल्लागार होऊ पाहणारे आपल्यातील तरुण प्रथम नामपत्रिका छापून घेतात. ती सुबकही असते. परंतु गिऱ्हाईक काम पाहून येते. १९०८ च्या सप्टेंबरात मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद उद्ध्वस्त झाले, तेव्हा निजाम सरकारने मुंबई सरकारची नोकरी सोडलेल्या विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे १९०३ पासून त्यांची साक्ष देत होते. उस्मानसागर व हिमायतसागर हे त्या सल्ल्याचे फळ.

नवख्यापाशी खडकवासला कुठला? पण ओळखीच्या कारखानदाराचे एखादे लहान काम तरी मिळतेच. काय बिघडले होते, काय सुधारले, हे त्याच्या संमतीने एका पानात लिहून पुढच्यास दाखवावे. मोबदला मात्र आधीच लेखी ठरवावा. ‘आपण घरचेच’ म्हणणाऱ्यांशी तर अगत्याने.