ब्लूजचे संकलन, रॉकचा मूळ अल्बम

पाश्चात्त्य संगीताकडे नव्याने वळणाऱ्या रसिकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो निवडीचा. एकेका कलावंताच्या नावावर वीस-पंचवीस अल्बम असतात आणि त्यांत 'बेस्ट ऑफ', 'ग्रेटेस्ट हिट्स', 'कम्प्लीट', 'एसेन्शियल' अशा संकलनांची भर पडलेली असते. यांतले घ्यावे काय? संकलन ही उतावळ्या श्रोत्याची सोय, खरा दर्दी मूळ अल्बमच ऐकतो, असा समज रॉकप्रेमींमध्ये रूढ आहे. रॉकपुरता तो बहुतांशी बरोबरही आहे. मात्र ज्या ब्लूजच्या पोटी हे रॉक जन्मले, त्या ब्लूजला तो लागू पडत नाही. तेथे संकलन हाच मूळ ग्रंथ आहे.

याचे कारण ध्वनिमुद्रणाच्या तंत्रात दडलेले आहे. १९२० च्या ऑगस्टमध्ये मेमी स्मिथ हिने न्यूयॉर्कमध्ये 'क्रेझी ब्लूज' गायले. ओके कंपनीची ती तबकडी धडाक्याने खपली आणि कृष्णवर्णीय गिऱ्हाईकही पदरचे पैसे मोडून तबकड्या विकत घेते, हे कंपन्यांच्या ध्यानात आले. 'रेस रेकॉर्ड्स' या नावाने त्यांनी निराळी बाजारपेठ उभी केली. मिनिटाला ७८ फेरे घेणारी दहा इंची तबकडी आणि तिच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे, हा तिचा साचा. बालगंधर्वांची नाट्यपदे किंवा अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ठुमऱ्या आपल्यापर्यंत पोहोचल्या त्याही अशाच तबकड्यांवरून. गायकाने यावे, चार-सहा गाणी गावीत, हातावर ठेवलेली रक्कम घेऊन परत जावे. सलग चाळीस मिनिटांचा अल्बम ही कल्पनाच त्या काळी नव्हती. चार्ली पॅटनचा 'मूळ अल्बम' शोधू जाणाऱ्याच्या हाती म्हणूनच काही लागत नाही.

जे होते तेही नीट जपले गेले नाही. पॅटनची गाणी काढणारी पॅरामाऊंट ही विस्कॉन्सिनमधील एका खुर्च्या बनविणाऱ्या कारखान्याची उपकंपनी. ग्रामोफोनची लाकडी कपाटे विकायची, तर सोबत तबकड्याही हव्यात, एवढाच तिचा संगीताशी संबंध! १९३० च्या दशकातील मंदीत ती बंद पडली आणि धातूचे बरेचसे मूळ साचे मोडीत गेले. आज पॅटन ऐकू येतो तो संग्राहकांनी जुन्या घरांतून, माळ्यांवरून गोळा केलेल्या झिजलेल्या तबकड्यांवरून. त्या संकलनांतील खरखरीला नाके मुरडण्यापूर्वी एवढे ध्यानी घ्यावे की, तिच्याखाली दुसरी स्वच्छ प्रत शिल्लक नाही.

सोळा गाण्यांची एक तबकडी

संकलनाचे सामर्थ्य काय असते, हे पाहावयाचे तर रॉबर्ट जॉन्सनकडे जावे लागते. मिसिसिपीतील हेझलहर्स्ट येथे १९११ मध्ये जन्मलेला हा गायक-गिटारवादक दोनदाच ध्वनिमुद्रणाला बसला. नोव्हेंबर १९३६ मध्ये सॅन अँटोनिओ येथे आणि जून १९३७ मध्ये डल्लास येथे. एकूण गाणी २९. ऑगस्ट १९३८ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी तो वारला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये कृष्णवर्णीयांच्या संगीताची मोठी मैफल भरविणाऱ्या जॉन हॅमंडने त्याचा शोध चालविला होता. हाती आली ती मृत्यूची बातमी. अखेर मंचावर ग्रामोफोनवरून त्याची गाणी ऐकविण्यात आली.

पुढे तेवीस वर्षे हे नाव काही संग्राहकांपुरतेच उरले. १९६१ मध्ये कोलंबिया कंपनीने त्याची सोळा गाणी एकत्र करून 'किंग ऑफ द डेल्टा ब्लूज सिंगर्स' ही दीर्घ तबकडी काढली. जॉन्सनचे एकही छायाचित्र तेव्हा उपलब्ध नव्हते; म्हणून वेष्टनावर चित्र छापावे लागले. ही तबकडी अटलांटिक ओलांडून लंडनच्या उपनगरांत पोहोचली आणि एरिक क्लॅप्टन, कीथ रिचर्ड्स यांच्या पिढीने ती अक्षरशः पाठ केली. न्यूयॉर्कमध्ये बॉब डिलनच्या हाती हॅमंडने ती प्रकाशनापूर्वीच ठेवली होती. मेल्या माणसाच्या सोळा गाण्यांनी एका दशकाचे संगीत हलविले. त्या गाण्यांची निवड आणि क्रम ठरविणाऱ्याला याचे श्रेय क्वचितच दिले जाते.

१९९० मध्ये दोन सीडींचा 'द कम्प्लीट रेकॉर्डिंग्ज' हा संच आला. ग्रॅमी पुरस्कार, दहा लाखांहून अधिक खप आणि पुढे २००३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत स्थान, असे त्याचे भाग्य. अभ्यासकांनी तो जवळ ठेवावाच. पण एकाच गाण्याची दोन-दोन ध्वनिमुद्रणे त्यात लागोपाठ लावलेली आहेत आणि नव्या श्रोत्याला ती थकवितात. प्रारंभ १९६१ च्या सोळा गाण्यांनीच करावा. एकच माणूस, एकच गिटार. तरीही दोन जण वाजवीत असल्याचा भास होतो, तो का, हे शोधत ऐकावे.

शिकागोत वीज आली तरी तबकडी तीन मिनिटांचीच राहिली. मिसिसिपीतील स्टोव्हल मळ्यावर राबणारा मडी वॉटर्स १९४३ मध्ये शिकागोला गेला. गजबजलेल्या दारूच्या गुत्त्यांत साध्या गिटारचा आवाज पोहोचेना, तेव्हा त्याने विजेवरची गिटार धरली. चेस कंपनीने त्याच्या दहा वर्षांतील तबकड्यांतून बारा गाणी निवडून १९५८ मध्ये 'द बेस्ट ऑफ मडी वॉटर्स' काढला. नाव संकलनाचे, पण त्याची पहिली दीर्घ तबकडी हीच. त्यातील १९५० च्या 'रोलिन स्टोन' या गाण्यावरून एका इंग्रज वाद्यवृंदाने आपले नाव घेतले, हे सर्वश्रुत आहे. ऑक्टोबर १९६१ मध्ये डार्टफर्ड रेल्वे स्थानकावर कीथ रिचर्ड्सची नजर बालपणीच्या ओळखीच्या मिक जॅगरवर गेली, ती जॅगरच्या काखेतील तबकड्यांमुळे. त्यांत एक चक बेरीची होती, दुसरी हीच.

हाऊलिन वुल्फच्या दोन तबकड्या, १९५९ ची 'मोनिन इन द मूनलाइट' आणि १९६२ ची वेष्टनावर झुलती खुर्ची असलेली, ही चेसच्या जुन्या गाण्यांची अशीच जुळवाजुळव. दुसरी तर इतिहासाची किल्ली ठरावी. तिच्यातील 'स्पूनफुल' क्रीमने उचलले, 'लिटल रेड रूस्टर' रोलिंग स्टोन्सने, 'बॅक डोअर मॅन' द डोअर्सने. मूळ गाणे तीन मिनिटांत संपते. क्रीमच्या मैफलीत तेच पंधरा मिनिटांच्या पुढे जाते. दोन्ही पाठोपाठ ऐकावीत. कोणते अधिक भयचकित करते, याचा निवाडा करायला फारसा वेळ लागत नाही. वुल्फच्या घशाला विस्ताराची गरज नव्हती.

या नियमाला ब्लूजमधला मोठा अपवाद बी. बी. किंगचा. 'लाइव्ह अॅट द रीगल' हा २१ नोव्हेंबर १९६४ रोजी शिकागोच्या रीगल थिएटरात मुद्रित झालेला, १९६५ मध्ये निघालेला अल्बम. यात श्रोत्यांच्या आरोळ्या हे जवळजवळ एक वाद्यच आहे, आणि त्यातले एखादे गाणे सुटे काढून संकलनात घातले की ते पोरके वाटते.

रॉकचे गणित उलटे

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात दीर्घ तबकडी हीच कलाकृती मानली जाऊ लागली. गाण्यांचा क्रम, दोन बाजूंमधला विराम, वेष्टनावरचे चित्र यांचाही विचार होऊ लागला. पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'मध्ये (१९७३) गाणी एकमेकांत विरघळतात. एक उचलावे तर कडा फाटलेल्या राहतात. 'ग्रेटेस्ट हिट्स' येथे घातक ठरते. ईगल्सचे १९७६ च्या फेब्रुवारीतले 'देअर ग्रेटेस्ट हिट्स' हे अमेरिकेत सर्वाधिक खपलेल्या अल्बमांपैकी एक. पण आपल्याकडे ज्या एका गाण्यासाठी ईगल्स ऐकतात ते 'हॉटेल कॅलिफोर्निया' त्यात नाही. ते आले त्याच वर्षाच्या डिसेंबरात.

तेव्हा ब्लूजमधून रॉककडे जाताना मूळ अल्बमच्या पायऱ्या धराव्यात. पहिली, जॉन मेऑलचा 'ब्लूज ब्रेकर्स विथ एरिक क्लॅप्टन' (१९६६). वेष्टनावर क्लॅप्टन 'बीनो' हे मुलांचे चित्रसाप्ताहिक वाचत बसला आहे आणि आत त्याने जॉन्सनचे 'रॅम्बलिन ऑन माय माइंड' चाचरत्या आवाजात गायले आहे. त्यानंतर क्रीमचा 'व्हील्स ऑफ फायर' (१९६८), आणि पाठोपाठ डेरेक अँड द डॉमिनोजचा 'लैला' (१९७०). होय, ही लैला निजामीच्या काव्यातीलच. यात क्लॅप्टनच्या जोडीला वाजविणाऱ्या डुएन ऑलमनने स्वतःच्या वाद्यवृंदासह १९७१ च्या मार्चमध्ये मुद्रित केलेला 'अॅट फिलमोर ईस्ट' हा तर या साऱ्या प्रवासाचा कळस मानावा. आरंभी ब्लाइंड विली मॅक्टेलचे १९२८ मधले 'स्टेट्सबरो ब्लूज', शेवटी तेवीस मिनिटांचे 'व्हिपिंग पोस्ट'. ख्याल ऐकणाऱ्या कानांना या लांबीची भीती वाटू नये. ऑलमन त्याच वर्षी ऑक्टोबरात मोटारसायकल अपघातात गेला; वय अवघे २४.

येथेही अपवाद आहे. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल हा एकेका छोट्या गाण्यावर जगलेला वाद्यवृंद. त्यांचे 'क्रॉनिकल' (१९७६) हे वीस गाण्यांचे संकलन निःसंकोच घ्यावे.

गाण्यांखालच्या बारीक अक्षरांतील नावांकडेही लक्ष हवे, कारण तेथे पैसा आहे. 'स्पूनफुल', 'रूस्टर', 'बॅक डोअर मॅन' ही तिन्ही गाणी लिहिणारा चेसचा बासवादक विली डिक्सन. लेड झेपलिनच्या पहिल्या अल्बममध्ये (१९६९) त्याच्या दोन गाण्यांखाली त्याचे नाव आहे. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अल्बममधील 'होल लॉटा लव्ह'खाली मात्र नव्हते, यद्यपि त्यातील शब्द डिक्सनने मडी वॉटर्ससाठी लिहिलेल्या 'यू नीड लव्ह'शी उघड नाते सांगत होते. डिक्सनने १९८५ मध्ये दावा लावला, १९८७ मध्ये तडजोड झाली आणि नाव जोडले गेले. रोलिंग स्टोन्सच्या 'लेट इट ब्लीड'मधील (१९६९) 'लव्ह इन व्हेन' जॉन्सनचे. सुरुवातीच्या प्रतींवर त्याचे नाव नव्हते. ही गाणी सार्वजनिक मालकीची नाहीत, असा निर्णय अमेरिकेच्या अपील न्यायालयाने दिला तो २००० मध्ये. त्याच वर्षी मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयाने जॉन्सनच्या मुलाचा वारसाहक्क कायम केला. तो तोवर खडीचा ट्रक चालवून पोट भरीत आला होता.

डिक्सनला एकत्र ऐकावयाचे तर १९८८ चा 'द चेस बॉक्स' हा संच पाहावा. येथे संकलन गायकाचे नसून गीतकाराचे आहे. मडी, वुल्फ, लिटल वॉल्टर, कोको टेलर असे आवाज बदलत जातात, पण लेखणी एकच. सुगम संगीतात गीतकाराच्या नावाने कार्यक्रम करणाऱ्या मराठी रसिकाला ही मांडणी ओळखीची वाटेल.

रॉकच्या संकलनांतून एखादे वेळी मूळ अल्बमबाहेर राहिलेलेही हाती लागते. जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट यांनी १९७२ मध्ये मुंबईत येथील वादकांना घेऊन 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही आपली दोन गाणी पुन्हा मुद्रित केली होती. ती अधिकृतपणे बाहेर आली त्रेचाळीस वर्षांनी, 'कोडा'च्या २०१५ च्या विस्तारित आवृत्तीत. गाण्याच्या शीर्षकापुढे कंसात त्या वादकांचा उल्लेख 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा' एवढाच आहे.